शेवटच्या डबीतली चावी

पहिले दोन-तीन महिने भेटेल तो विचारायचा, "ताई, परत कवा जायचं?" दुकानदार विचारायचा, डेअरीवर दूध घालायला निघालेल्या बायका विचारायच्या, पिठाच्या गिरणीत तर रांगेतली सगळीच विचारायची. मला राग यायचा. आल्या दिवसापासून हाकलायला टपलेत, असं वाटायचं. मग हळूहळू विचारणं बंद झालं. गिरणीवाला माझा डबा न विचारता ओळखायला लागला. हळदीकुंकवाच्या बोलावण्यात भावजयीच्या पाठोपाठ माझंही नाव यायला लागलं. मी आता इथंच राहिलेय हे मला कळायच्या आधी आमच्या निमगाव सावा गावाला कळलं होतं.

आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून मी जर्मनीहून आले. महिनाभर, फार तर दोन, असं नवऱ्याला सांगून आले. तो तिकडेच राहिला, त्याची नोकरी होती. मी तिथं एका वाचनालयात अर्धा वेळ काम करत होते, ते सुटलं. आईची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. धाकटा भाऊ आणि भावजय शेतात राबायची, टोमॅटोच्या हंगामात तर त्यांना जेवायला फुरसत नसे. मग आईजवळ कोण? मी. मूलबाळ नाही, म्हणजे हिला मोकळीक आहे, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला कुणी बसवून ठेवलं नाही हेही खरं आहे. एकदाही कुणी "थांब" म्हणालं नाही. म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आईची खोली, तिथून मोरी, तिथून ओटा, परत आईची खोली. संध्याकाळी जरा पाय मोकळे करावेत तर उसात बिबट्या. दिवस कलला की भाऊ हाक मारायचा, "ताई, आत ये." बेचाळिशीची बाई, पण शेळीबरोबर आत घेतली जायची. तिकडं उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असायचा आणि आम्ही दोघं नदीकाठानं हिंडत असायचो. त्या उजेडाची आठवण आली की मला गुदमरायला व्हायचं. एकदा मोरीत तोंडावर पदर दाबून मी अशी रडले की भावजय दाराशी येऊन म्हणाली, "वन्सं, डोळ्यात साबण गेला का?" मी हो म्हणाले.

आमचं हिंडणं साधं नव्हतं. तिकडं रविवारी दुकानं बंद. आम्हाला ना चर्च ना नातेवाईक. तेव्हा एका शेजाऱ्यानं जिओकॅशिंगचा नाद लावला. कुणीतरी एखादी डबी कुठंतरी लपवून ठेवतं, पुलाखाली, झाडाच्या ढोलीत, बाकाच्या मागं. जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. आपण फोन बघत बघत ती शोधायची. काही खेळ अनेक टप्प्यांचे असतात, पहिल्या डबीत दुसरीचे आकडे, दुसरीत तिसरीचे, आणि शेवटच्या डबीत काहीतरी छोटीशी वस्तू. नियम एकच: डबीतून काही घेतलं तर बदल्यात काहीतरी ठेवायचं. रिकाम्या हातानं न्यायचं नाही. माणसं नाणी ठेवत, बटणं ठेवत, नदीतले गोटे ठेवत.

तिथल्या दुसऱ्या वर्षी नवऱ्यानं माझ्यासाठी असाच एक खेळ मांडला होता. थंडीनं नाक लाल झालेलं, आणि मी चिडचिड करत एकेक डबी शोधत फिरतेय. शेवटची डबी एका इमारतीच्या जिन्याखाली होती. तिच्यात चावी निघाली. त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "वरचा मजला. स्वयंपाकघराची खिडकी नदीकडे आहे." भाड्याचंच घर, पण आमचं पहिलं. आमच्या संसारात मोठ्या गोष्टी तोंडानं बोलण्याची रीतच नव्हती. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

ती चावी मी येताना बरोबर आणली होती. पिशवीच्या आतल्या कप्प्यात होती आणि अधूनमधून मी ती नुसती चाचपून बघायची.

मग एका फोनवर तो म्हणाला, "तुझं काही नक्की दिसत नाही. मी एकटाच आहे, तर लहान घर बघू का? मालकालाही कळवावं लागेल." मी आईच्या खोलीत बसले होते. आईला बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. ती माझ्याकडेच बघत होती. मी म्हणाले, "बघू. तू येतोयस ना, तेव्हा बोलू." तो दिवाळीनंतर आठवडाभर येणार होता. फोन ठेवला. ते घर सुटलं की मी इथून सुटणार नाही, हे मला अगदी स्वच्छ कळलं. मला "घर सोडू नकोस, मी येतेय" एवढंच म्हणायचं होतं. पण ते आईसमोर म्हणवत नव्हतं, भावासमोर तर नाहीच, आणि घराबाहेर एकटी असले तरी फोनवर ते तोंडातून निघत नव्हतं, मोठं बोलायची आम्हाला सवयच नव्हती.

तेव्हा मला खेळ सुचला. त्यानं मला जसं घर दिलं होतं तसंच मी त्याला सांगणार होते. तो शेवटच्या डबीतून चावी काढेल, पुन्हा माझ्या तळहातावर ठेवेल, आणि मी ती मुठीत घेईन. बोलायची गरजच नाही.

जागा शोधताना मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. आईच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या ढिगानं होत्या. पहिली डबी वारूळवाडीच्या एका रसवंतीत, बाहेरच्या बाकाखाली चिकटपट्टीनं चिकटवली. तिथल्या चरकाला घुंगरं बांधली आहेत. आमच्या जर्मन गल्लीतल्या बेकरीच्या दाराला घंटी होती आणि रविवारी सकाळी आम्ही तिच्या आवाजानंच उठायचो. दुसरी घोडेगावला. आंबेगावच्या डोंगरातल्या एका गावात अर्धांगावरचं झाडपाल्याचं औषध देतात, ते आणायला मी महिन्यातून एकदा घोडेगावहून वरची एसटी धरायची. माझी ती एकटीची मोकळीक. तहसील कचेरीसमोर एका झाडाला पार आहे, तिथं कागदं मांडीवर घेऊन माणसं ताटकळत बसलेली असतात. आम्हीही तिकडं व्हिसा वाढवायच्या कचेरीत असेच हातात नंबर धरून बसायचो, आपलं नाव चुकीचं पुकारलं तरी ओळखायचं म्हणून कान टवकारून. पाराच्या फटीत डबी बसवली. तिसरी आमच्या गावाजवळच्या कालव्याच्या पुलाखाली, नदीकाठच्या आमच्या हिंडण्यासाठी. तिकडच्यासारखी बदकं नव्हती, त्याला मी काय करणार!

शेवटची डबी मी आमच्याच शेतात ठेवायची ठरवली. रस्त्याकडच्या वावराचा वरचा कोपरा मला आवडायचा. तिथं फोनला रेंज पूर्ण मिळते आणि कुणी बोलायला येत नाही. खरं म्हणजे या खेळात डबी पुरायची नसते, नुसती झाकायची. पण आमच्याकडे उघड्यावर ठेवलेली वस्तू संध्याकाळपर्यंत टिकत नाही. प्लास्टिक घुशी कुरतडतात म्हणून मी आईची एक जुनी तांब्याची डबी घेतली. तिच्यात चावी, एक युरोचं नाणं आणि तिकडच्या नदीतला एक गुळगुळीत खडा ठेवला. आकडे बिनचूक यावेत म्हणून फोन हातात धरून बांधावरून चार-पाचदा मागं-पुढं गेले, दगडापासून पावलं टाकली, थांबले, पुन्हा टाकली. मग हातभर खड्डा करून डबी पुरली.

आमच्या बांधाला बांध लावून एक चुलते आहेत. ते त्यांच्या मक्यात उभे होते. "काय मोजतीय ग पोरी?" त्यांनी विचारलं. मी हसून म्हणाले, "काही नाही, खेळ आहे." आता जमिनीच्या बाबतीत खेळ हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही. आजकाल मोजणीवालेसुद्धा असलंच काहीतरी यंत्र हातात धरून बांधावरून चालतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि बाबा गेल्यावर मी भावाला हक्कसोड करून दिलेलं. हक्कसोड केलेली बहीण फोन घेऊन बांध मोजतेय, एवढी गोष्ट गावाला चघळायला पुष्कळ झाली.

दोन दिवसांत भावाचं बोलणं तुटलं. ताटावर बसला की मान वर करायचा नाही. "ताई, आत ये" ही हाकही भावजय मारायला लागली. मला वाटलं, टोमॅटोचा भाव पडलाय. मी आणखी दोन दिवस त्याच्याशी गोड वागले आणि मग मीही फुगून बसले. मी काय घोडं मारलंय याचं!

आणि अचानक तो बदलला. एका संध्याकाळी आईच्या पायाशी येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, तिकडं तुमचं घर कसं व्हतं ग?" इतक्या वर्षांत या माणसानं मला कधी एका शब्दानं तिकडचं विचारलं नव्हतं. बर्फ पडतो का, एवढं एकदा विचारलं होतं, तेही तिकडच्या शेळ्या थंडीत जगतात कशा हे कळायला. मी हरखून गेले. मी सांगत सुटले. दारातून आलं की डाव्या हाताला खुंट्या, मग लांबट बैठकीची खोली, पलीकडे झोपायची, आणि उजवीकडं स्वयंपाकघर, त्याची खिडकी रुंद, ओट्याशी उभं राहिलं की नदी दिसायची. तो खोदून खोदून विचारत होता. "खिडकी कंच्या अंगाला? दार कुठं तोंड करून?" मी हवेत हातानं दाखवत होते. आईसुद्धा ऐकत होती. मला वाटलं, याला माझं दुःख कळलंय. आता याला सांगता येईल. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

नवरा आला. आईकडे रात्री कूस बदलायला माणूस लागतं म्हणून मी तिच्या खोलीत आणि तो बाहेरच्या खोलीत भावाशेजारी, अशी झोपायची व्यवस्था झाली. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या हातात पहिले आकडे दिले. तो बघतच राहिला, मग हसला. किती दिवसांनी तसा हसला! भाऊ म्हणाला, "दाजी, माझी गाडी घ्या. वावरात कवा याल?" मी म्हणाले, "दिवस मावळायच्या आत येतो." त्यानं का विचारलं, हे मी विचारलं नाही.

तो दिवस फार सुरेख गेला. रसवंतीत घुंगरं वाजली आणि तो लगेच म्हणाला, "बेकरी." त्यानं बाकाखाली हात घातला तेव्हा रसवाला म्हणाला, "पावणं, काय पडलं का?" घोडेगावला पाराच्या फटीतून डबी काढताना शेजारचा म्हातारा कचेरीत काय भानगड आहे म्हणून वाकून बघत होता. "नंबर आला का आपला?" नवऱ्यानं मला जर्मनमध्ये विचारलं आणि आम्ही दोघं त्या पारावर वेड्यासारखे हसलो. गाडीवर मागं बसून मी त्याच्या पाठीला डोकं टेकलं होतं. परतीचा सगळा रस्ता मी सुटलेली होते. कालव्याच्या पुलावर त्यानं शेवटचे आकडे वाचले आणि विचारलं, "शेवटच्यात काय आहे?" मी म्हणाले, "तुला कळेल."

आम्ही वावराच्या कडेला गाडी लावली आणि वरच्या कोपऱ्याकडं बघून मला काही उमगेना. तिथं माणसं होती. टोमॅटोच्या तारा-बांबू काढून जमीन मोकळी केली होती. भाऊ, भावजय, ते चुलते, गावातली चार माणसं, एक गवंडी. आईला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं. आणि जमिनीवर फक्की मारलेली होती, घराचा पाया खणायच्या आधी पांढऱ्या भुकटीनं आखतात तशी. मी दोन पावलं पुढं गेले आणि माझ्या पायाखाली काय आहे ते मला दिसलं. डाव्या हाताला खुंट्यांची जागा. लांबट बैठकीची खोली. पलीकडे झोपायची. उजवीकडं स्वयंपाकघर आणि खिडकीला सोडलेली रुंद मोकळी रेघ. माझं तिकडचं घर आमच्या वावरात आखलेलं होतं.

भाऊ पुढं आला. त्याच्या हातात आईची तांब्याची डबी होती.

"ताई, हे मला बोलले का, बहीण मोजणी करतीय," चुलत्यांकडं बघत तो म्हणाला, "तवा मला लई राग आला. म्हणलं, सही दिऊन आता मागनं हिस्सा मोजती. म्हणून उकरून बघितलं. तर ही डबी! तांब्याची डबी, आत नाणं, खडा अन् घराची चावी. ती बी ईशान्येच्या कोपऱ्यात. मग माझी मलाच लाज वाटली. बहिणीला हितं घर पायजे, अन् तोंडानं मागवंना म्हणून बिचारीनं गुपचूप पायाचं साहित्य पुरलंय. मी काय मेलो व्हतो का ग?" त्यानं डबीचा हात आखलेल्या जागेवरून फिरवला. "हा कोपरा तुझा. सगळ्यांच्या समोर सांगतो. आईच्या डोळ्यासमोर ऱ्हाशील."

कोपरा ईशान्येचा आहे हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे पाया भरताना धातूच्या भांड्यात नाणं वगैरे घालून याच कोपऱ्यात पुरतात, हेही मला माहीत होतं, लहानपणी मी ते पाहिलेलं होतं, आणि खड्डा खणताना त्याची पुसटशीही आठवण मला झाली नव्हती. आमचे आजोबा मेंढरांमागं वर्षाचे आठ महिने चालायचे. घर म्हणजे घोड्यावर लादलेलं कापडाचं पाल. ज्या घराण्यात पाया खणायला दोन पिढ्या लागल्या, तिथं माणूस पाया मागतो, पायातून सुटका मागत नाही. माझ्या भावानं जे वाचलं ते त्याच्या जागी कुणीही वाचलं असतं. मला ओरडावंसं वाटत होतं. नाही, असं नाही, मला जायचंय. पण आईनं डावा हात उचलला, चिमूटभर हळदकुंकू कोपऱ्यातल्या दगडावर टाकलं आणि माझ्याकडं बघून हसली. झटक्यानंतर तिचं तोंड वाकडं झालं होतं, त्यामुळे ती फारशी हसत नसे.

"दाजी," भाऊ नवऱ्याला म्हणाला, "घर न्हाई अजून, पण चावी तयार हाय बघा." सगळे हसले. त्यानं डबी उघडून चावी नवऱ्याच्या हातात दिली.

नवऱ्यानं ती ओळखली. त्यानं ती उलटसुलट केली, फक्कीच्या रेघांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं करायला हवा होता. सगळी माणसं बघत होती आणि माझा हात पदरातच राहिला. तो एक क्षण थांबला. मग भावाला म्हणाला, "छान आहे. फार छान केलंत." आणि चावी शर्टाच्या खिशात ठेवली.

पुढचे दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. येईल तो भावाचं कौतुक करायचा, असा भाऊ मिळत नाही म्हणायचा. खरंच मिळत नाही. आम्हा दोघांना एकट्यानं बोलायला मिळालं ते त्याच्या जाण्याच्या दिवशी, नारायणगावच्या स्टँडवर, पुण्याच्या गाडीची वाट बघताना. मी सगळं भडाभडा सांगितलं.

"मला वाटलं तू चावी परत केलीस," तो म्हणाला. "पुरून."

"मी ती तुझ्या हातून घ्यायला ठेवली होती."

"मग घेतली का नाहीस?"

तो रागावला नाही, ते जास्त लागलं. "आजच भावाला सांग," तो म्हणाला. "नुसतं एवढंच सांग की मी जाणार आहे. आईसाठी माणूस ठेवू. तुझा फोन आला की मी मालकाला घर सोडत नाही म्हणून कळवतो. तोवर चावी माझ्याकडे असू दे." गाडी आली. तो चढला आणि खिडकीतून हात करत राहिला.

मी तडक वावरात गेले. वाटेत वाक्य पाठ करत होते. भाऊ गवंड्याबरोबर उभा होता. मला बघताच म्हणाला, "बरी आलीस. त्या खिडकीचं काय ते सांग, किती रुंद धरायची?" मी तोंड उघडलं. तो घामानं भिजला होता. हंगाम सोडून स्वतः खणत होता आणि लहानपणी गारगोट्या सापडल्या की दाखवायचा तसा चेहरा करून माझ्याकडं बघत होता. मी दोन्ही हात पसरले आणि रुंदी दाखवली. गवंड्यानं टेप लावला.

त्याला आता बरेच दिवस झाले. मी फोन केला नाही, म्हणजे केले, पण ते वाक्य कधी निघालं नाही. नवऱ्यानं थोडे दिवस वाट बघितली, मग लहान घर घेतलं. चावी मालकाला दिल्याचं त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं. मीही सहज बोलता बोलता बरं म्हणाले आणि आईचं अंथरूण बदललं.

त्या खेळाचा नियम एकच. डबीतून काही नेलं तर बदल्यात काही ठेवायचं. चावी त्यानं नेली, आणि बदल्यात मी राहिले. काम आता जोत्यापर्यंत आलं आहे. सिमेंटला पाणी लागतं, म्हणून रोज सकाळी आईचं आवरलं की मी नळी घेऊन जाते आणि जिथं खिडकी होणार आहे तिथं आत उभी राहून जोत्यावर पाणी मारते.